दहा मिनिटांची धार

धार सलग दहा मिनिटं टिकली, तर भिंगोबाच्या पदरात काय पडणार होतं? खिडकीवाली स्वतंत्र खोली, आणि दाराला आतून कडी. अकरा वर्षं तो प्रयोगशाळेच्या जिन्याखाली बसत होता; वरून कुणी उतरलं की धूळ त्याच्याच चहात. साहेबांनी शब्द दिला होता, "शुक्रवारी दहा मिनिटं दाखव, किल्ली घेऊन जा."

काम सांगायला सोपं. पोकळ सुईतून औषधाचा द्रव हळूहळू सोडायचा, सुईला काही हजार व्होल्टने विजेचा भार द्यायचा, खाली धातूची पट्टी. भार नेमका जमला की टोकावरचा थेंब ताणून शंकू होतो, शंकूच्या टोकातून केसाहून बारीक धार निघते, आणि ती पुढे फुटून धुक्यासारखी पट्टीवर बसते. पण भिंगोबाचा शंकू जेमतेम दोन मिनिटं उभा राही, मग पान खाल्ल्यासारखा थुंकू लागे.

"वहिनी, टोक वाकडं घासलंय."

वहिनी म्हणजे थोरल्या भावाची बायको. इथल्या सगळ्या सुया तीच घासायची.

"भाऊजी, ही सहावी सुई. बोटांवर ठसे उरले नाहीत माझ्या. उद्या चोरी केली तर पकडणार कशी मला?"

"थट्टा नको. टोक वाकडंच आहे."

"हो, अंगणही वाकडंच असेल."

तिने दात-ओठ खात सातवी घासली. गुरुवारी मात्र तिने सुईकडे न बघता दिराकडे बघितलं. शंकू स्थिर झाला रे झाला, की हा पितळी कड्याचं भिंग घेऊन वीतभर अंतरावर नाक नेई. की थू!

"सापडलं! दृष्ट लागते त्याला, तुमचीच. हातात पितळ, मागे तुम्ही. भार खाली पट्टीकडे जायचा सोडून तुमच्याकडे वळतो. लांब बसा."

भिंगोबाला पटलं, आणि म्हणूनच तो जास्त चिडला. सात सुयांचं नाव त्याने काढलं नाही. "बघू," एवढंच म्हणाला.

शुक्रवारी साहेब घड्याळ घेऊन उभे राहिले. भिंगोबा दाराजवळच्या स्टुलावर, भिंग खिशात. पाच मिनिटं. सात. पट्टीवर लेप साईसारखा धरत होता म्हणे. त्याला इतक्या लांबून ढिम्म दिसत नव्हतं. स्वतःची धार, आणि बघायची दुसऱ्यांनी? आठ. शंकू तिरका झालाय का? कुणीच कसं बोलत नाही? नऊ. वहिनीने डोळे वटारले.

"एकदाच," म्हणत तो उठला, सुईपाशी गेला आणि भिंग पुढे केलं.

थू.

साहेबांनी घड्याळ खिशात टाकलं. "काय झालं?"

"सुईच खराब, साहेब."

साहेबांनी तसं लिहायला वही उघडली. वहिनीने पदराने बोटं झाकली आणि शांतपणे म्हणाली, "लिहा ना. फक्त भाऊजींच्या भिंगावरचे ठिपके आधी बघून घ्या."

साहेबांनी भिंग उजेडात धरलं, मग वही मिटली.

तर हिशेब असा. खोली गेली भिंगोबाची, सात सुया आणि दहा बोटांची सालं गेली वहिनीची. आणि एवढ्या खटाटोपातून औषधाचा लेप फुकटात मिळाला तो त्या भिंगाला.