दोन्ही माशांना चालणारा तंगूस

चष्मेवाल्याचं दुकान छोटं, पण त्याचा रुबाब मोठा. जाड भिंगाला बारीक काड्यांची फ्रेम मागणाऱ्या गिऱ्हाइकाला तो समोर बसवून समजवायचा, "दिसायला छान आहे हो, पण भिंगाचं वजन कोण पेलणार?" त्याच माणसाने गळांच्या दुकानात जाऊन जे केलं, ते आठवलं की नंतर कितीतरी दिवस त्याला घास गोड लागला नाही.

तंगूस, म्हणजे गळाचा नायलॉनचा दोरा, हवा होता सासऱ्यांसाठी. सासरे शिंपी. सारी हयात मशीनवर गेली, आणि आता अर्धांगाचा झटका येऊन गेल्यावर लेकीकडे राहायला आले होते. पाय सावरले, पण उजवा हात थरथरायचा. डॉक्टरांनी बोटं चालती ठेवायला सांगितली, तेव्हा ते आधी बटणं लावायला शिकले, मग सुई ओवायला, आणि शेवटी गळाला गाठ मारायला. गावाबाहेरच्या तळ्यात कार्प होते आणि तळाशी चिखलात कॅटफिश. सासरे त्यांना मिशाळे म्हणत.

"कोणता मासा धरायचाय?" दुकानातल्या बाईंनी विचारलं.

"दोन्ही. कार्प पण आणि कॅटफिश पण."

"मग हा न्या." त्यांनी जाडसर तंगुसाचं रीळ पुढे ठेवलं. "कार्प बुजरा असतो, त्याला बारीक बरा, हे खरं. पण कॅटफिशचं तोंड आतून कानशीसारखं. बारीक तंगूस तो घासून तोडतो. दोन्ही हवे असतील तर दांडग्याच्या हिशेबाने घ्यावा. कार्पसाठी जरा जास्त वेळ बसावं लागेल, एवढंच."

मागे एक गृहस्थ गळाची महागडी काठी न्याहाळत उभा होता. तो म्हणाला, "एवढा जाड? कपडे वाळत घालायचेत का?"

दुकानात हशा पिकला. चष्मेवालाही हसला, पण त्याचे कान तापले. "बारीकच द्या," तो म्हणाला. "मला अंदाज आहे त्यातला." अंदाज कसला डोंबलाचा! त्याने जन्मात गळ टाकला नव्हता.

घरी सासऱ्यांनी तंगूस बोटांत धरून ताणून पाहिला. दोऱ्यांत आयुष्य गेलेला माणूस. "जावईबापू, बारीक वाटतो हो."

"नायलॉन आहे बाबा. दुकानातल्या बाईच म्हणाल्या, दोन्हीला चालतो."

इतकं सहज बोलला, की त्याचं त्यालाही खरं वाटलं.

सुट्टीच्या दिवशी दोघं तळ्यावर गेले. सासऱ्यांनी गाठ स्वतः मारली, चार-चारदा ओढून तपासली. ऊन चढत आलं आणि काठी एकदम वाकली. मिशाळा. पाण्यावर एकदा त्याची काळी पाठ दिसली, चांगली मांडीएवढी. सासऱ्यांनी डाव्या हाताने काठी पोटाशी घट्ट धरली, थरथरत्या हाताने रीळ फिरवायला लागले. त्यांचा चेहरा लहान मुलासारखा झाला होता. मासा काठाजवळ आला, आणि हिसका बसून काठी हलकी झाली.

उरलेला तंगूस चष्मेवाल्याने गुंडाळला. टोक हाताला लागलं तेव्हा तो समजून चुकला. गाठ सुटली असती तर टोकाला पीळ राहिला असता. हे टोक पिंजलेलं होतं, खरखरीत. घासून तुटलेलं.

"गाठ सुटली ना?" सासऱ्यांनी विचारलं. ते पाण्याकडेच बघत होते.

चष्मेवाल्याने टोक मुठीत दाबलं. "सुटली असेल. चालायचंच, बाबा."

त्या दिवसापासून सासऱ्यांनी काठी दाराआड उभी केली ती केलीच. मग सुई-दोऱ्याचा डबा लेकीकडे दिला. एका सकाळी चष्मेवाला दुकानात निघाला, तर बायको वडिलांच्या सदऱ्याची बटणं लावत होती आणि ते हात खाली सोडून उभे होते.

"हाताचा भरवसा नाही आता," ते म्हणाले. "शिंप्याची गाठ सुटली, मग राहिलं काय?"

बायको स्वयंपाकघरात येऊन हळूच म्हणाली, "तू बोल ना त्यांच्याशी. तुझं ऐकतात ते."

तुझं ऐकतात! चष्मेवाल्याला पायाखालची फरशी दुभंगली तर बरं, असं झालं. तो चपला घालून जिन्यापर्यंत गेला, तिथून परत आला. सासऱ्यांसमोर बसायची हिंमत होईना, म्हणून उभ्यानेच बोलला.

"बाबा, गाठ सुटली नव्हती. तंगूस तुटला. मी टोक बघितलं होतं. बाई जाडच घ्या म्हणत होत्या. कुणीतरी हसलं म्हणून मी बारीक घेतला, आणि तुम्हाला खोटं सांगितलं."

चहा घेऊन बाहेर आलेल्या बायकोच्या हातातला कप तसाच राहिला. सासऱ्यांनी विचारलं, "तळ्यावरच का नाही सांगितलंत?"

"लाज वाटली."

"आणि मी इथे हात सोडून बसलो, तेव्हा नाही वाटली?"

बायकोने कप खाली ठेवला आणि नवऱ्याकडे न बघता आत निघून गेली.

सासऱ्यांनी लेकीने लावलेली बटणं एकेक करून काढली आणि पुन्हा स्वतः लावली. वरच्या बटणापाशी पुष्कळ वेळ गेला. चष्मेवाला मदतीला पुढे झाला नाही, त्याला तसा हक्क उरला नव्हता. दुपारी ते आधाराची काठी टेकत एकटेच गळांच्या दुकानात गेले आणि हवा तो तंगूस घेऊन आले. त्यावर त्यांना मिशाळा मिळायला पावसाळा उलटावा लागला, पण मिळाला.

जावयाशी ते पूर्वीसारखंच बोलतात. जावईबापू म्हणतात, त्याच्या विनोदाला हसतात. फक्त रात्री झोपताना तो म्हणाला, "बाबा, गॅस बंद केलाय," की ते "बरं" म्हणतात, अंथरुणातून उठतात आणि स्वयंपाकघरात जाऊन एकदा बघून येतात. चष्मेवाला अंधारात त्यांची पावलं ऐकत पडून राहतो. बायकोही जागीच असते.