तांबडे अस्तर

मित्रांनो, जगातील प्रत्येक लिपस्टिक ओठांसाठी जन्माला येते. आमच्या कुळाचा तो धर्मच आहे. मी एक जुनी लिपस्टिक आहे आणि माझे सारे आयुष्य हनुवटीवर गेले.

माझा जन्म मिलानजवळच्या एका कारखान्यात झाला. मेणात रंग कालवून आम्हा चारशे बहिणींना साच्यात ओतले आणि एकाच दिवशी सोनेरी टोपणे घातली. माझ्या बुडाशी सतरा हा आकडा आणि एक तारीख छापली. रंग विटेसारखा तांबडा, नारिंगीकडे झुकणारा. हा रंग कोणत्याही बाईला शोभत नाही, असे नेपल्सची दुकानदारीण गिऱ्हाइकांना स्वतःच सांगे. त्यामुळे बहिणी एकेक करून ओठांवर गेल्या आणि मी काचेमागे वर्षानुवर्षे उभी राहिले.

मग एके दिवशी आनिएल्ला आली. उंच, रुंद खांद्यांची, मोठ्या पावलांची. तिने मला उघडून थेट हनुवटीपाशी धरले, आरशात पाहिले आणि म्हणाली, "हीच. अगदी विटेचा रंग." त्याआधी माझे कौतुक कुणी केले नव्हते. नंतरही फारसे कुणी केले नाही.

तिचे जन्मनाव आनिएल्लो, म्हणजे मुलाचे. फरक शेवटच्या एका अक्षराचा, पण त्या अक्षरापायी सोळाव्या वर्षी तिला बापाचे घर सोडावे लागले होते. आमच्या गल्लीत अशा माणसाला फेम्मिनिएल्लो म्हणतात आणि शुभ मानतात. नवे बाळ आधी तिच्या मांडीवर देत. लॉटरीचा आकडा तिला विचारत. नाताळात बायकांच्या तंबोल्यात आकडे तिनेच पुकारायचे. खोली मात्र तिला कुणी चटकन भाड्याने दिली नव्हती. शुभ गोष्ट शेजारी असावी, आपल्या माडीवर असू नये, असे लोकांचे मत होते. शेवटी तळलेल्या पिठाचे गोळे विकणाऱ्या रेस्तितुता मावशीने आपल्या दुकानामागची तळमजल्याची खोली तिला दिली. तिथे ती एकवीस वर्षे राहिली.

रोजच्या दिवशी आनिएल्ला दाढी करून नुसती पावडर लावी. मला राखून ठेवले होते बारशांसाठी, तंबोल्यासाठी आणि फेब्रुवारीत डोंगरावरच्या माउलीच्या दर्शनाला जाण्यासाठी. त्या दिवशी ती दोनदा दाढी करी, एकदा सुलट आणि एकदा उलट. थंड पाण्याचा हबका मारी. मग माझे चार ठिपके देई: दोन हनुवटीवर, दोन वरच्या ओठाच्या वर. अनामिकेने थोपटून थोपटून ते पसरवी. थोडा वेळ ती अंगावर पित्त उठल्यासारखी दिसे. त्यावर क्रीम, त्यावर पावडर, की दाढीची निळसर छटा नाहीशी होई आणि तिच्याबरोबर मीही. मग भुवया कोरणे, गालाची हाडे उजळणे, आणि अगदी शेवटी ओठांवर माझी चेरीच्या रंगाची चुलत बहीण. लोक म्हणत, "आनिएल्ला, ओठ काय सुरेख दिसताहेत." हनुवटीचे कौतुक कुणी केले नाही. ते कुणी करू नये, हेच माझे काम होते.

ही रीत तिला कुणा नटीने शिकवली नव्हती. "बापानं मला दोनच गोष्टी दिल्या," ती मावशीला सांगे. "ही दाढी आणि ती झाकायची युक्ती." बाप रंगारी होता. निळ्या भिंतीवर सरळ पांढरा हात मारला, तर निळे वर येतेच. आधी तांबडे अस्तर द्यायचे. हे त्याने दोन्ही मुलांना एकाच शिडीवर उभे करून शिकवले होते. थोरला सोस्सियो तोच धंदा घेऊन तोरिनोला गेला. धाकटी अस्तर तेवढे घेऊन घराबाहेर पडली.

अकरा वर्षे मी अशी खपले आणि झिजले. चेरीवाली केव्हाच संपली. तिच्या जागी दुसऱ्या आल्या, त्याही संपल्या. माझा मात्र पेरभर तुकडा उरला, तेव्हा आनिएल्लाच्या छातीने दगा दिला. शेवटच्या हिवाळ्यात ती तंबोल्याला बसू शकली नाही. एका दुपारी मला मुठीत धरून तिने मावशीला जवळ बोलावले.

"मावशी, मला निळी हनुवटी घेऊन पाठवू नकोस. तिकडं आई आहे. तिनं मला नीट चेहऱ्यानं कधी पाहिलंच नाही. आधी ही तांबडी, मग क्रीम, मग पावडर. ध्यानात राहील ना?"

मावशीची कढई तापली होती. "बये, अर्धा जन्म तळणात गेला माझा," ती दाराकडे वळत म्हणाली. "पिठात घोळवायचं आणि सोडायचं, एवढं कळतं मला."

दोघी हसल्या. मी नाही हसले. मावशीने क्रम ऐकलाच नव्हता.

फेब्रुवारीच्या नवव्या दिवशी सकाळी आनिएल्ला गेली. दुसऱ्या दिवशी सोस्सियो तोरिनोहून गाडीने आला. त्याच्या हातात पुरुषाचा काळा सूट होता. कायद्याने तोच जवळचा. त्याने भिंतीवर निधनाची पत्रके लावली, त्यांवर जुने नाव होते. मग तो खोलीत आला. गल्लीतल्या सात-आठ बायका दारात ठाण मांडून बसल्या होत्या. मी माझ्या भावाला न्यायला आलोय, असे त्याने सांगितले.

"कोण भाऊ?" मावशी म्हणाली. "एकवीस वर्षं ही माझ्या भिंतीपलीकडं राहिली. या खोलीत कुणी पुरुष राहत नव्हता."

"मी त्याला सूट आणलाय."

"मग शोधा त्याला आणि घाला."

तासभर असे चालले. पाद्रीबुवा दोन वेळा डोकावून परत गेले. शेवटी सोस्सियो म्हणाला, तोंडाचे काय करायचे ते करा, सूट सूटच राहील, आणि बाहेर जाऊन सिगारेट ओढत उभा राहिला. गळ्यापर्यंत आनिएल्लो आणि गळ्यावर आनिएल्ला, असा तह झाला. त्यानंतर शवपेटी उचलायला अर्धा तास उरला.

मावशीने आनिएल्लाचा रंगरंगोटीचा बटवा उघडला. अंत्यविधीवाल्याने दाढी उरकली होती, तीही घाईत. तिने क्रीम थापले, त्यावर पावडर लावली. मग ओठांचा रंग शोधला, तो संपलेला होता. राहिले होते मी.

मित्रांनो, ज्या क्षणाची मी अकरा वर्षे वाट पाहिली, तो असा आला. तिने मला ओठांवर फिरवले. ते फार थंड होते, मी धड चालेना. आणि माझा रंग तिला मुळीच शोभत नव्हता. दुकानदारीण खरे बोलत होती.

तेवढ्यात हनुवटीवर निळे वर आले. मावशीने आणखी पावडर घातली, चेहरा राखेसारखा झाला, निळे तिथेच. तिने पुसले, पुन्हा लावले. मग मला हातात धरून ती खाटेच्या कडेला मटकन बसली. तंबोल्यात सत्तेचाळीस म्हणजे मुडदा आणि अठ्ठेचाळीस म्हणजे बोलणारा मुडदा, असे आनिएल्लाच पुकारायची.

"अगं, सत्तेचाळीसच काय राहिलीस," मावशी तिच्या कानाशी म्हणाली. "एकदा अठ्ठेचाळीस हो आणि सांग, आधी काय लावायचं?"

खांदेकरी आले, हे सांगायला सोस्सियो आत आला होता. तो चेहऱ्याकडे पाहत राहिला. भावाचे पाहणे नव्हते ते, रंगाऱ्याचे होते.

"अस्तर कुठंय?" त्याने विचारले.

कुणाला काही कळेना.

"खालचं निळं वर येतंय," तो एखाद्या कच्च्या कारागिराला रागवावे तसा म्हणाला. "वर कितीही मारा, येतच राहणार. आधी तांबडं लागतं."

त्याने मावशीच्या हातातून मला घेतले. रुमालाने हनुवटी स्वच्छ पुसली. चार ठिपके दिले आणि अनामिकेने थोपटू लागला. बोट तेच होते, थोपटणेही तेच. फक्त नखात तोरिनोचा चुना होता. काम झाल्यावर तो दोन पावले मागे सरला, डोळे बारीक करून त्याने पाहिले. मग पुन्हा पुढे येऊन ओठही पुसून काढले. "हा ओठांचा रंग नाही," तो म्हणाला. एका बाईने आपली लिपस्टिक काढून दिली. ओठांवर मी सारी मिळून दहा मिनिटे होते.

"आता मारा," तो मावशीला म्हणाला आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. या वेळी निळे वर आले नाही.

सूट मात्र त्याने बदलू दिला नाही. पत्रकांवरचे अक्षरही तसेच राहिले.

रंगारी पेन्सिल ठेवतात तसे त्याने मला वरच्या खिशात खोचले आणि विसरून तोरिनोला घेऊन गेला. आता मी खिळे आणि फुटपट्ट्यांच्या खणात असते. मित्रांनो, एवढीच विनंती आहे. जवळच्या माणसाच्या चेहऱ्याला आधी काय लागते, ते विचारून ठेवा. आणि ते माणूस सांगत असेल, तेव्हा कढई थोडा वेळ खाली उतरवा.

परवा सोस्सियोच्या बायकोने खण आवरताना मला उलटे करून बुडाची तारीख वाचली. आनिएल्लाने मला विकत घेतले, त्याच्या आदल्या वर्षीच माझी मुदत संपली होती.