विहिरीजवळचा सहा

"सहा कुठाय?" मुकादम अबिलियुने कुऱ्हाड खांद्यावरून उतरवली. "विहिरीजवळच्या या झाडावर सतरा कोणी लिहिलं?"

बुचाच्या ओकची साल काढली की त्या वर्षाचा शेवटचा आकडा आम्ही खोडावर पांढऱ्या रंगाने लिहितो; नवी साल आतून वाढते, आकडा तिच्यावर तसाच राहतो. नऊ वर्षं झाल्याशिवाय पुन्हा कुऱ्हाड लावायची नाही. यंदा पंचवीस, म्हणून दोन हजार सोळाचा सहा हवा होता. पण आख्ख्या उतारावर झाडांना एक ते चाळीस असे क्रमांक!

"मी लिहिलं," बेनेदिता म्हणाली. विद्यापीठातली ही पोर तीन वर्षं आमच्या ओकांखाली काय उगवतं, काय मरतं, कोण कोणाला जागा देतं, ते मोजत होती. "जुने आकडे घासून काढले. घोळ नको म्हणून."

"घोळ नको म्हणून!" अबिलियु भडकला. "तपासनीस आला तर त्याला काय तुझं तोंड दाखवू? चला रे परत. दिवस बुडाला."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ते सहा माझ्या नवऱ्याने, कुस्तोदियोने रंगवले होते. त्याच हिवाळ्यात तो गेला. विहिरीजवळची साल उतरली की त्याच्या हातचा सहा घरी न्यायचा, हे मी नऊ वर्षं मनात धरून होते.

"सगळ्यांवर सहाच होता," मी म्हणाले. "रंगाचा डबा मी धरला होता. काढा साल."

"इदालिना म्हणते म्हणजे होता," अबिलियु म्हणाला.

साल उतरली. उघड्या लाल खोडावर मी पाच काढला.

"खाली माझा सतरा लिहाल का, इदालिनाबाई?" पोरीचा आवाज बारीक झाला होता. "नाहीतर कुठलं झाड कुठलं, कळणार नाही. तीन वर्षं फुकट जातील माझी."

"जाऊ देत. माझी नऊ गेली."

"पण मी तुमचं काय वाकडं केलं?"

मी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ती रडली असती, आणि मलाच तिला जवळ घ्यावं लागलं असतं. ते मला नको होतं.

तिने कुंचल्याला हात घातला. मी डबा मागे ओढला.

"रंग माझाय."

मग सालीचा तो तुकडा उचलून थुंकी लावलेल्या अंगठ्याने सतराच्या आजूबाजूला घासून पाहिलं. कुठे सहाचं पोट, शेपूट, काहीतरी. काही नव्हतं. पोरीचं काम चोख होतं.

तुकडा ट्रॅक्टरवर चढवला, आकडा खाली करून, आणि डबा घेऊन अठराकडे गेले.