शेवटच्या फितीतली देवी

मित्रांनो, मी एका जुन्या, काळ्या-पांढऱ्या देवीपटाची शेवटची फीत आहे. म्हातारपणाचं मला दुःख नाही. पण माणसांच्या भक्तीनं मी अगदी वैतागून गेले आहे. देवीनं क्षमा करावी.

जन्म माझा मुंबईचा, आयुष्य मात्र वऱ्हाडात गेलं. अमरावतीच्या वितरकाच्या कचेरीतून मी एस.टी.च्या टपावर बसून तिवसा, बाळापूर, बार्शीटाकळी हिंडले. बायका चपला बाहेर काढून सिनेमाच्या तंबूत शिरत, पडद्यापुढे नारळ फोडत. तेव्हा निदान माझ्यामागे यंत्राचा दिवा तरी लागत होता!

पुढे कचेरी बंद पडली. तिथले कारकून देवमनजी मला डब्यासकट घरी घेऊन आले आणि त्यांच्या पत्नी पार्बताबाईंनी मला थेट देव्हाऱ्यात बसवलं. रोज हळदकुंकू, रोज उदबत्ती. मला हवा होता गारवा, आणि अमरावतीच्या उन्हाळ्यात मी समईशेजारी शिजत होते.

माझ्या बाकीच्या बहिणी, म्हणजे याच चित्रपटाच्या आधीच्या फिती, केव्हाच चित्रपटांच्या संग्रहालयात पोचल्या होत्या. पार्बताबाईंची नात मोनाली तिथंच कामाला. अकोल्याच्या टॉकीजमध्ये आजच्या मुलांना हा चित्रपट दाखवायचं तिनं ठरवलं. पण शेवट माझ्यापाशी, आणि मी आतून कुजत चाललेली.

"आजी, दे न वं तो डबा. सडून राहिला."

"देवीले घराबाहेर काढू? डोक्यात भुसा भरला काय तुह्या?"

"टॉकीजमधी कितीक लोकं दर्शन घेतीन."

"चिप्स खात खात! जाय, चहा मांड."

वर्षभर हेच. कुजताना आम्हा फितींना आंबट वास सुटतो. आणि पार्बताबाईंचं शुक्रवारचं व्रत इतकं कडक, की त्या दिवशी घरातलं लिंबूसुद्धा शेजारी ठेवायला जातं. एका शुक्रवारी त्या घरभर हुंगत फिरल्या. "कैरी कोनं आनली वं?" म्हणून सुनेवर ओरडल्या. शेवटी माझं झाकण उघडलं आणि नाकाला पदर लावला.

"मोनाली! घेऊन जाय बाप्पा हिले. व्रत मोडते माहं!"

मोनालीच्या विनवण्यांना जे जमलं नाही, ते आंबट वासानं केलं. काय बोलावं!

संग्रहालयात मला पुसलं, हलक्या हातानं उलगडलं, नवी प्रत काढली. पण उशीर झाला होता. देवी प्रकट होते, नेमकं तेवढंच चित्र विरघळून गेलं होतं. फितीच्या कडेला छापलेला आवाज तेवढा वाचला. अकोल्यात नवी प्रत यंत्रावर चढली, आणि मला पडद्याखाली मांडून ठेवलं होतं. तिथंही कुणीतरी हार घातलाच! मोनालीनं पार्बताबाईंनाही आणून बसवलं होतं. चित्रपट रंगला. मुलं फोन विसरली. आणि ऐन वेळी पडदा पांढरा झाला, नुसती घंटा वाजत राहिली.

मागच्या रांगेतल्या मुलीनं वाकून पार्बताबाईंना विचारलं, "आजी, तुमी लहानपणी पाहिला होता न? देवी कशी दिसे?"

पार्बताबाई हळूच म्हणाल्या, "काय माईत माय. देवी आली की आमी सारे हात जोडून डोये मिटत जाऊ."

ती कशी दिसायची ते मला ठाऊक आहे. पण चित्र सांगून दिसत नसतं. म्हणून, मित्रांनो, कुणाच्या घरी माझ्यासारखी फीत असेल तर आधी तिला गार जागी पोचवा. आणि पडद्यावर देवी आली की हात जरूर जोडा; डोळे मात्र उघडे ठेवा.