पडद्यावरचा वसंत

अठ्ठ्याऐंशीच्या चैत्रात कुमुदिनीने ठरवून टाकलं, की यंदा गौरीमागे साडी टांगायची नाही. अंबरनाथच्या त्या ऑफिसर कॉलनीत घरोघरी चैत्रगौरीचं हळदीकुंकू व्हायचं, आणि घरोघरी गौरीच्या झोपाळ्यामागे कुणाची तरी लग्नातली साडी पसरलेली असायची.

"अहो, तुम्ही एक पडदा रंगवून द्या," ती नवऱ्याला म्हणाली. "एवढे रंग पडलेत घरात."

श्यामकांत कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात होता. आठवडाभर यंत्रांच्या सुट्या भागांचे नकाशे काढायचा आणि रविवारी गॅलरीत बसून चंदेरीचा सुळका. डोंगर सोडून दुसरं काही काढायला सांगितल्याचा त्याला एवढा आनंद झाला, की तो लगेच उठला आणि कपाटातून एक पोस्टकार्ड घेऊन आला. मुंबईच्या म्युझियममधून आणलेलं, जुन्या राजस्थानी चित्राचं. मधोमध निळा कृष्ण नाचतोय, डोक्यावर मोरपीस, हातात उंच धरलेला घट. भोवती ढोलकी, टाळ, पिचकाऱ्या घेतलेल्या बायका, आणि वर मोहोरलेला आंबा.

"हा वसंत राग," तो म्हणाला. "जुन्या चित्रकारांनी ऋतूलासुद्धा चेहरा दिला, हातपाय दिले. वसंत आला असं लिहायचं नाही. तो नाचत आलेला दाखवायचा."

"आणि घटात काय आहे?"

"मोहोर आणि कोवळी पालवी."

"म्हणजे आपला कलशच की," कुमुदिनी म्हणाली, आणि विषय पक्का झाला.

कापड दिलं शेजारच्या लाजवंतीने. तिच्या नवऱ्याचं उल्हासनगरला कापडाचं दुकान होतं. पांढऱ्या मांजरपाटाची घडी हातात ठेवत ती म्हणाली, "गौरीमाता के लिए माझ्याकडून. पण मला पहिल्यांदा दाखवायचं, हां!"

दाखवायला मात्र श्यामकांत तयार नव्हता. तो संध्याकाळी घरी आला की चहा घेऊन गॅलरीत जायचा, पडदा रंगवायचा आणि उठताना त्यावर जुनं धोतर टाकून ठेवायचा. कृष्ण जमला. आंब्याचं झाड तर फारच छान जमलं. अडचण आली ती बायकांच्या चेहऱ्यांची. पोस्टकार्डावर ते मोहरीएवढे होते, नाकडोळे कळत नव्हते. मग हाताला जसे येतील तसे चेहरे त्याने काढले आणि मोकळा झाला.

हळदीकुंकवाच्या दिवशी दुपारी पडदा टांगला. पुढे पायऱ्यांची आरास, झोपाळ्यात गौर, कलिंगडाची कमळं, मोगऱ्याचे गजरे. बायका दारातूनच "अगंबाई!" म्हणत आत येत होत्या. कुमुदिनी डाळ आणि पन्हं देता देता नवऱ्याचं कौतुक ऐकत होती आणि मनातून फुलून गेली होती.

तेवढ्यात इंदुबाई पुढे झाली. पालेगावची ही बाई वर्षभर कॉलनीत भाजी घेऊन यायची. सकाळी कैऱ्या द्यायला आली तेव्हा कुमुदिनीने तिला हळदीकुंकवालाही बोलावलं होतं. इंदुबाईने पडद्याजवळ नाक नेलं आणि ती जोरात हसली.

"आगो बाय! ही ढोलकीवाली त मीच हाय!"

सगळ्या जणी पुढे सरकल्या. खरंच इंदुबाई होती. तिच्या हनुवटीवरचं गोंदणसुद्धा होतं.

"और ये तो मैं!" लाजवंती ओरडली. "टाळवाली! पण माझी नाक एवढी लंबी आहे काय?"

आहे म्हणणं बरं दिसलं नसतं. जी ती आता स्वतःला शोधत होती. खालच्या मजल्यावरच्या वेणूबाई सापडल्या पिचकारी मारताना. कॉलनीतलं काहीही त्यांच्या परवानगीशिवाय होत नसे. चित्रातही त्यांची मान तशीच ताठ होती. त्या बराच वेळ बघत राहिल्या.

"मान बरोबर आहे," त्या शेवटी म्हणाल्या. "पण माझ्या हातात पिचकारी? मी धुळवडीला दार लावून बसते." मग त्यांनी पडदा या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिला. "आणि कुमुदिनी, तू कुठे आहेस यात?"

सगळ्यांनी शोधलं. झाडामागे पाहिलं, कृष्णाच्या पलीकडे पाहिलं. कुमुदिनी कुठेच नव्हती.

"मी पन्हं करायला आत गेलेय," कुमुदिनी म्हणाली. सगळ्या हसल्या. तीही हसली. पण नंतर तिने एकीची ओटी दोनदा भरली आणि दुसरीची विसरली.

बायका गेल्यावर श्यामकांत कौतुक ऐकायला बाहेर आला. कुमुदिनी वाट्या गोळा करत होती.

"मला का नाही काढलंत?"

"अगं, मी मुद्दाम कुणालाच काढलं नाही. चेहरे आपोआप हाताला येत गेले."

"तेच म्हणतेय मी. हाताला सगळी कॉलनी आली. मी नाही आले."

 दुसऱ्या दिवशी ऑफिसातून आल्याबरोबर त्याने तिला गॅलरीत खुर्चीवर बसवलं आणि कागद घेतला. पहिलं चित्र तिच्या बहिणीसारखं आलं. दुसरं पोस्टातल्या बाईंसारखं. तिसरं त्याने तिला दाखवलंच नाही.

"जमत नाही," तो पेन्सिल ठेवत म्हणाला. त्याचा चेहरा एवढा पडला होता, की तिचा राग अर्धा उतरला. "वेणूबाई डोळे मिटले की दिसतात. तुझं तसं होत नाही. डोळे मिटले की तू ऐकू येतेस. भांडी लावताना, फोडणी घालताना, मला हाका मारताना. चेहरा नीट बघायचा राहूनच गेला बहुतेक."

"बारा वर्षांत?"

"बारा वर्षांत."

 कुमुदिनी उठून आत गेली. श्यामकांतला वाटलं, आता जेवण मिळायचं नाही. पण ती आली ती पडदा काढून घेऊन. तो तिने फरशीवर पसरला.

"सरका. आणि तो पांढरा रंग द्या इकडे."

चैत्र लागला की ती रोज दारात चैत्रांगण काढायची. गौर, कमळ, गोपद्मं, कासव, शंख, फणी, चंद्र, सूर्य, सगळं पांढऱ्या रेघांनी. आईकडून शिकलेली रांगोळी. त्यात चेहऱ्याला गोल पुरायचा आणि अंगाला दोन त्रिकोण. तसंच तिने स्वतःला काढलं. ढोलकी नको, पिचकारी नको. श्यामकांतच्या सुरेख आंब्याला तिने एक झोका बांधला आणि त्यावर स्वतःला बसवलं. पाय जमिनीपासून उंच, वेणी मागे उडालेली. मग तिला राहवेना. कृष्णाच्या डोक्यावर सूर्य आणि चंद्र आले, पायाशी कासव आलं, टाळवाल्या लाजवंतीच्या बाजूने गाईची पावलं चालत गेली.

श्यामकांत वाकून बघत होता. "दोरी फांदीच्या पुढून यायला हवी होती."

"माझा झोका आहे. कुठूनही येईल."

तो हसला आणि तिच्याजवळ फरशीवर बसला. "ही मात्र तूच आहेस," तो म्हणाला. "अगदी तूच."

"दोन त्रिकोण?"

"घाईत आहे ना ती!"

अक्षयतृतीयेपर्यंत गौर बसलेली होती, त्यामुळे पडदाही होता. वेणूबाई विरजण मागायला आल्या आणि पडद्यापुढे थांबल्या. कुणी न सांगता त्यांनी झोक्यावर बोट ठेवलं. "ही तू." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "मला पण असंच काढ. झोक्यावर. पिचकारी राहू दे तिथेच." आंब्याच्या दुसऱ्या फांदीला दुसरा झोका आला. लाजवंती आली आणि छोटं नाक मागून गेली. रांगोळीच्या गोलाला नाकच नसतं हे तिला फार आवडलं.

चौऱ्याण्णवला कुमुदिनी-श्यामकांतने बदलापूरला खरवईकडे फ्लॅट घेतला. पडदाही गेला. दर चैत्रात नव्या शेजारणी यायच्या आणि आपापला झोका मागायच्या. कुमुदिनी काढायची. श्यामकांत पांढरा रंग कालवून द्यायचा आणि दोरीबद्दल काही बोलायचा नाही. निळा कृष्ण हळूहळू झोक्यांच्या मागे गेला. त्याचा वर केलेला हात आणि त्यातला मोहोराचा घट तेवढा दिसायचा.

अठ्ठ्याण्णवच्या चैत्रात इंदुबाई पालेगावहून आली ती नव्या सुनेला घेऊन. सून पडद्यापुढे उभी राहिली आणि लाजत म्हणाली, "काकी, मला जागा हाय का?"

जागा नव्हती. फांदी नव्हती, कोपरा नव्हता. कुमुदिनीने श्यामकांतकडे पाहिलं. तो आत गेला, मांजरपाटाचा नवा तुकडा घेऊन आला आणि मशीनवर बसून त्याने तो पडद्याच्या कडेला शिवला. त्यावर त्याने काहीही काढलं नाही. कोरा तुकडा सारखा करून बायकोपुढे पसरला आणि पन्ह्याचे ग्लास भरायला स्वयंपाकघरात गेला.