सदस्य न्हाईत त्यांनी बाहेर

मी सरपंच, पण नुसती बोर्डावर. खुर्चीत आमचे मालक, वीरभद्रप्पा. मिटिंगला मी भिंतीकडच्या बाकावर बसायचं आणि ठराव मालकांनी सांगायचे. माझं डोकं रोज फिरायचं.

त्या सप्टेंबरात दिल्लीत बायकांच्या राखीव जागांचं विधेयक आलं. मालक दुधनीच्या बाजाराला गेलेले, त्यामुळं टीव्ही माझ्या ताब्यात. सोलापुरात वकिली शिकणारी माझी लेक दानेश्वरी फोनवर समजावत होती. "अव्वा, आधी लोकसभा, मग राज्यसभा, मग राष्ट्रपतींची सही. तवा कायदा."

"मग आमाला कधी?"

"हे खासदार-आमदारांचं हाय गं. तेबी जनगणना होऊन मतदारसंघ नव्यानं आखल्यावर. पंचायतीत तुमा बायकांना निम्म्या जागा कवाच्याच हायेत की."

हायेत की! लई राग आला. तेवढ्यात टीव्हीवर मतदान पुकारलं आणि दारं लावायला सांगितलं.

"दारं कशाला गं?"

"ज्याचं मत त्यानंच द्यायचं. खासदारबाईचा नवराबी आत थांबू शकत न्हाय."

मी ताठ बसले. विधेयक पास झालं, विरोधात दोघंच, बाकं वाजली. माझ्या डोक्यात मात्र ती दारंच घुमत होती. कधी एकदा उजाडतंय असं झालं.

दुसऱ्या दिवशी आमची मिटिंग. उरलेल्या निधीतून मालकांना वेशीवर कमान हवी होती, मला शाळेतल्या मुलींच्या संडासात पाणी. मालक खुर्चीत टेकायच्या आत मी म्हणाले, "सदस्य न्हाईत त्यांनी बाहेर. दार लावायचं हाय."

मालक हसले. "डोकं फिरलं का तुझं?"

"व्हय, फिरलंय. बाहेर व्हा."

त्यांनी ग्रामसेवकाकडं बघितलं. ग्रामसेवक खाली मान घालून म्हणाला, "नियम तसाच हाय, अप्पा." मालक तणतणत गेले. दार मीच लावलं आणि जाऊन खुर्चीत बसले. बाई गं, काय आनंद झाला म्हणून सांगू!

एक सदस्य आलाच नव्हता. कमानीला तीन हात वर झाले, पाण्याला माझा धरून तीन.

"समसमान," ग्रामसेवक म्हणाला. "आता सरपंचाचं जादा मत."

सगळे सवयीनं दाराकडं बघायला लागले. मीपण बघितलं. मग भानावर आले आणि पुन्हा हात वर केला.