कान्हाकडे पाठ

रविवारी दुपारी कुकरची दुसरी शिट्टी अर्धवट वाजली आणि गॅस संपला. सुमतीला वाटलं, झालं, आता आपलंही संपलं.

कारण तिच्या सासूबाई, रंगूबाई, आज कळव्याहून काही नुसत्या भेटायला आल्या नव्हत्या. नातवाचे कपडे भरायला म्हणून हातात मोठी रिकामी पिशवी होती. मागच्या महिन्यात कान्हाला मांडीवर घेऊन त्या म्हणाल्या होत्या, "काय गो सुमती, पोराच्या बरगऱ्या मोजाव्या लागतान. माज्याकरं दे चार महिने, बघ कसा होतंय." सुमतीही रागाच्या भरात बोलून बसली होती, "पुढच्या खेपेला तुमच्यासमोर ताटभर जेवला नाही, तर खुशाल न्या!" शब्द तोंडातून गेला आणि महिनाभर तिचा डोळ्याला डोळा लागला नाही.

कान्हा अडीच वर्षांचा, वजन साडेनऊ किलो. सुमती होम सायन्सची पदवीधर. मुलांच्या आहारावरची तीन पुस्तकं तिच्या उशाशी असत. पाणी वीस मिनिटं उकळायचं, वाटी-चमचा उकळायचा, दर तीन तासांनी भरवायचं, आणि किती गेलं ते वहीत लिहायचं. 'सकाळी चार चमचे. दोन बाहेर.' वाटी घेऊन ती पोराच्या मागे जिन्यातून गेटपर्यंत फिरे. घास आत गेला की तो गळ्याखाली उतरेपर्यंत टक लावून बघत बसे. कान्हाही पक्का. आईची नजर वळली रे वळली की दात आवळून घ्यायचा.

आणि आज कुकरमध्ये तांदूळ अर्धे कच्चे.

"सिलेंडरचा नंबर लावून आठवडा झाला," तानाजी डोकं खाजवत म्हणाला. तो सुमतीचा नवरा. आई आणि बायको एका खोलीत असल्या की त्याला घराबाहेर काहीतरी काम आठवायचं. "चला ना, कोपऱ्यावरच्या नव्या हॉटेलात जाऊ."

"त्या नेपाळी हॉटेलात? अहो, तिथलं पाणी कसलं, तेल कसलं..."

"पाटीवर नेपाळी आणि इंडियन लिहिलंय. आपण इंडियन खाऊ."

"मला काय, भूक लागलेय," रंगूबाई पदर खोचत उठल्या. "पन तितं तरी जेवंल का तुजा लेक? का रातच्याला पिशवी भरू?"

ठाकुर्लीकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका नेपाळी जोडप्याचं ते चार टेबलांचं हॉटेल होतं. नवऱ्याने दहा वर्षं याच भागातल्या सोसायट्यांची वॉचमनगिरी केलेली; आता तो गल्ल्यावर आणि बायको, मनमाया, चुलीपाशी. सुमतीने आधी टेबल रुमालाने दोनदा पुसलं. मग उकळलेल्या पाण्याची बाटली काढली, फडक्यात गुंडाळलेला चमचा काढला.

"पोराला वरणभात, बिनतिखट. भात मऊ हवा."

"भात अभी चढवला, भाभी. वेळ लागेल," मनमाया मोडक्या मराठीत म्हणाली. "आमच्यासाठी ढिंडो केलाय. देऊ?"

ढिंडो म्हणजे काय हे विचारेपर्यंत तानाजीने मागवलेले मोमो आले. रंगूबाईंनी एक उचलून उलटसुलट पाहिला, फोडला, आणि हसायलाच लागल्या.

"अगो बाय! मोदकात कोंबरी!"

"आये, खाऊन तर बघ."

त्यांनी खाल्ला. मग दुसरा उचलला.

तेवढ्यात उत्तराची वाट न बघता मनमायाने कान्हासमोर ढिंडोची स्टीलची ताटली ठेवली. मध्ये तपकिरी रंगाचा वाफाळता गोळा, बाजूला पातळ डाळ, वर तुपाची धार. सुमतीने वास घेतला आणि ती दचकलीच. नाचणी! घरी दुधात शिजवलेलं नाचणीचं सत्त्व पोरगं फुर्रकन थुंकायचं. आता सासूबाईंसमोर शोभा होणार. तिने चमचा उचलला, डाव्या हाताने कान्हाची हनुवटी धरली. कान्हाचे दात गच्च.

"आ कर रे राजा. आ..."

"बघ, लागला दात आवलाया," रंगूबाई म्हणाल्या.

मनमायाने सुमतीच्या हातातून चमचा अलगद काढून घेतला. "भाभी, आमच्या गावाला जेवणाऱ्या पोराकडे कोणी बघत नाही. ताट द्यायचं, पाठ करायची. बघितलं की घास अडतो."

"अहो, पण त्याला खाता येत नाही! अडकलं म्हणजे?"

"मी इथेच आहे. माझे पाच वाढले असे." तिने गोळ्याचा एक तुकडा तोडला, अंगठ्याने त्यात खळगा केला, डाळीत बुडवून आपल्याच तोंडात टाकला. कान्हा बघत होता. "फिरा सगळे."

"खरं बोलतंय ती," रंगूबाई एकदम म्हणाल्या. "खातेल्या पोराला दिठ लागते. फिर गो तू. तान्या, तू पन." आणि स्वतः खुर्ची कर्रकन फिरवून भिंतीकडे तोंड करून बसल्या.

तिघेही भिंतीवरच्या कॅलेंडरमधले बर्फाचे डोंगर बघू लागले. सुमतीने आजवर त्या पोराकडे एवढा वेळ पाठ केली नव्हती. समोरच्या टेबलावर स्टीलचा जग होता, त्याच्या पोटात कान्हाचं वाकडंतिकडं डोकं दिसत होतं. तिने मान जराशी कलती केली. मग स्वतःचाच राग येऊन तिने हात लांब करून जग बाजूला सारला आणि डोळे मिटून घेतले.

काही नाही. चूल धडधडतेय. खुर्ची हलली. ताटलीवर बोटांचा आवाज. मग फुर्रकन काहीतरी ओढल्याचा आवाज. थुंकला! सुमती वळणारच होती.

"डाळ पितोय," मनमाया हळूच म्हणाली.

पुन्हा बोटांचा आवाज. पुन्हा. सवयीने सुमती मोजायला लागली. सातापर्यंत मोजलं, मग मोजणं सुटलं. तानाजी श्वास रोखून बसला होता आणि रंगूबाई पुटपुटत होत्या, "खा रे माज्या बाला, खा."

आणि मग ताटली टेबलावर आपटल्याचा ठणठणाट झाला.

"अजून!"

सुमती गर्रकन वळली. ताटली रिकामी. पोराच्या गालांवर, नाकावर, कोपरापर्यंत नाचणी. तो आईकडे बघतही नव्हता. मनमायाकडे ताटली पुढे करून बसला होता.

"आई," सुमती ताटलीकडे बोट करत म्हणाली, "ताटभर."

रंगूबाईंनी ताटली हातात घेऊन तळ पाहिला. नातवाच्या पोटावर बोट टेकवून पाहिलं. मग सुनेकडे पाहिलं.

"तू म्हंतलेलंस ना, माज्यासमोर. जेवला. शब्द म्हंजे शब्द. ऱ्हाऊ दे तुज्याकरंच." आणि लगेच, हार मानल्यासारखं वाटू नये म्हणून, "पन ती चमच्यांची वही फारून टाक आधी."

"टाकते."

"आन् पिठाचं विचारून घे हिला."

"घेते, आई."

कान्हासमोर दुसरी ताटली आली. कोणी न सांगता तिघे पुन्हा भिंतीकडे वळले. शेजारच्या टेबलावरचे दोघे जण या चमत्कारिक कुटुंबाकडे हात थांबवून बघत होते.

"काय बघता रं?" रंगूबाई कडाडल्या. "पोर जेवतंय आमचं! फिरा तिकरं!"

बिचारे खरंच फिरले. सुमतीला हसू आवरेना. तिने न वळता हात मागे करून प्लेटमधला एक मोमो उचलला, तेल कसलं, पाणी कसलं काही मनात न आणता अख्खा तोंडात टाकला. आतला रस जिभेला झोंबला. तिखट होता, झकास होता. पाठीमागे तिचा मुलगा आवाज करत डाळ ओरपत होता.

"मनमायाबाई," घास तोंडात तसाच ठेवून ती ओरडली, "आणखी एक प्लेट!"